मदतीचा हप्ता आणि पेरणीचा आठवडा

२० मार्च २०२० रोजी जबलपूर शहरात चार करोना रुग्ण आढळले. मध्य प्रदेशातील ते पहिले रुग्ण होते. पाचच दिवसांनी देशभर टाळेबंदी सुरू झाली. नर्मदेच्या खोऱ्यात त्या वेळी गहू कापणीला आला होता, हरभरा आणि मसूर खळ्यावर पडले होते आणि बरगी धरणाच्या कालव्याखालील गावांत उन्हाळी मुगाच्या पेरणीची लगबग होती. या भागातील गव्हाची कापणी बव्हंशी पंजाबातून येणाऱ्या हार्वेस्टर यंत्रांवर अवलंबून असते. यंत्रे आणि त्यांचे चालक ठिकठिकाणी अडकले. बाजार समित्या बंद पडल्या, भाजीपाला शेतातच राहिला. शेतीची कामे आणि बियाणे, खते व कीटकनाशकांची दुकाने यांना केंद्रीय गृह मंत्रालयाने २७ मार्चला सूट दिली; परंतु सूट मिळणे आणि हातात पैसा असणे या दोन निराळ्या गोष्टी होत्या.

हा पैसा पोहोचविण्यासाठी शासनाने जे केले, त्याची नोंद प्रांजळपणे घेतली पाहिजे. २६ मार्च रोजी जाहीर झालेल्या पंतप्रधान गरीब कल्याण पॅकेजमध्ये ८.७ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यांत प्रत्येकी २,००० रुपये एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जमा करण्याचे ठरले. त्यानुसार रक्कम जमा होऊ लागलीही. कोणत्याही कचेरीत न जाता, कोणाचीही मनधरणी न करता टाळेबंदीतील शेतकऱ्याला पैसे मिळाले, हे आपल्या कृषी प्रशासनाच्या इतिहासात लहान यश नव्हे. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये मध्य प्रदेश शासनाने मुख्यमंत्री किसान कल्याण योजना सुरू करून वर्षाला ४,००० रुपयांची भर घातली. महाराष्ट्रात २०२३ मध्ये आलेली नमो शेतकरी महासन्मान निधी योजनाही त्याच वाटेने गेली.

त्या घटनेला आता काही वर्षे लोटली आहेत. संकट ओसरल्यावर त्याचा हिशेब कोणी मांडत नाही, हा आपला जुना दोष आहे. परंतु पुढचे संकट महामारीचे असेल, अवर्षणाचे असेल की किडीच्या उद्रेकाचे, मदत याच वाहिनीतून वाहणार आहे. म्हणून ती किती खात्यांत पोहोचली एवढेच विचारून भागणार नाही. ती कोणाच्या हाती पडली, केव्हा पडली आणि तिच्यासोबत कोणता सल्ला गेला, हे तीन प्रश्न विस्तार कार्यकर्त्यांनी आणि प्रगतिशील शेतकऱ्यांनी विचारले पाहिजेत.

जबलपूरचा दाखला मराठी वाचकाला दूरचा वाटू नये. तेथील जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने १९९४ मध्ये दिलेला जेएस ३३५ हा सोयाबीन वाण विदर्भ आणि मराठवाड्याच्या शेतशिवारात घरचाच झाला. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात नांदत होते. दोन्हीकडे काळी जमीन आहे, दोन्हीकडे सोयाबीन व हरभरा आहे, आणि खोडमाशी, चक्रीभुंगा व पांढरी माशी या किडींनाही राज्याची सीमा ठाऊक नाही. तेथे जे घडले, ते येथेही थोड्याफार फरकाने घडले आहे.

मदत जादा होती की आगाऊ?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये मिळालेले २,००० रुपये हे महामारीसाठी दिलेले वेगळे साहाय्य नव्हते. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीचा वर्षाला ६,००० रुपयांचा लाभ तीन हप्त्यांत मिळतो. त्यांपैकी एप्रिल ते जुलै या कालखंडाचा हप्ता त्या वर्षी आरंभीच देण्यात आला, इतकेच. त्या वर्षाची एकूण रक्कम ६,००० रुपयेच राहिली.

तरीही हा आगाऊपणा मोलाचा होता, आणि खरा धडा येथेच आहे. रक्कम न वाढविता केवळ तिची वेळ अलीकडे आणल्याने तिचे मोल वाढले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आलेल्या पैशातून मुगाचे बियाणे घेता आले, कापणीची मजुरी देता आली, सावकाराकडे जाणे काही दिवस टळले. शेतीत पैशाची किंमत त्याच्या आकड्याइतकीच त्याच्या तारखेवर ठरते.

आता याच हप्त्याच्या पुढील वर्षांतील तारखा पाहाव्यात. २०२१ मध्ये तो १४ मे रोजी मिळाला, २०२२ मध्ये ३१ मे रोजी, २०२३ मध्ये २७ जुलै रोजी, २०२४ मध्ये १८ जून रोजी आणि २०२५ मध्ये २ ऑगस्ट रोजी. म्हणजे एकाच हप्त्याची तारीख पाच वर्षांत एप्रिलच्या आरंभापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत सरकत गेली. प्रशासनाच्या दृष्टीने हा काही आठवड्यांचा फरक असेल. पिकाच्या दृष्टीने मात्र तो पेरणीपूर्व आणि पेरणीनंतर असा फरक आहे.

किडीचे वेळापत्रक

हा फरक समजून घेण्यासाठी सोयाबीनचेच उदाहरण पुरेसे आहे. मध्य भारतात त्याची पेरणी साधारणतः जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होते. रोप उगवून येताच खोडमाशीचा धोका सुरू होतो. मादी कोवळ्या पानांत अंडी घालते. अळी पानाच्या शिरेतून देठात आणि देठातून खोडात उतरते व आतून खोड पोखरते. बाहेरून झाड हिरवे दिसते. शेतकऱ्याला नुकसान कळते ते शेंगा भरत नाहीत तेव्हा. पिवळ्या मोझॅक रोगाचे विषाणू पसरविणारी पांढरी माशीही पीक कोवळे असतानाच अधिक घातक ठरते, कारण त्या वयात रोग लागलेले झाड पुढे सावरत नाही.

या दोन्ही शत्रूंविरुद्धचा सर्वांत शहाणपणाचा उपाय बीजप्रक्रिया हा आहे. थायामेथोक्झाम ३० एफएस प्रति किलो बियाण्यास १० मिली या प्रमाणात चोळल्यास रोपाला पहिल्या काही आठवड्यांचे संरक्षण मिळते. प्रथम बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जीवाणूसंवर्धक हा क्रम प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याला तोंडपाठ असतो. एकरी ३० किलो बियाणे धरले तर त्यासाठी ३०० मिली औषध लागते. हे काम पेरणीपूर्वी, घरच्या सावलीत होते. त्यासाठी फवारणी पंप लागत नाही, मजूर लागत नाहीत, आणि मित्रकीटकांवर थेट विषाचा वर्षावही होत नाही.

परंतु हा उपाय जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच करता येतो. त्या वेळी हाती पैसा नसेल तर शेतकरी घरचे बियाणे प्रक्रिया न करता पेरतो. मग २,००० रुपये जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये आले, तर त्यांतून फवारणीच होते. खोडाच्या आत शिरलेल्या अळीपर्यंत ती फवारणी फारशी पोहोचत नाही. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारायचे, दुकानदाराने दोन औषधांसोबत एक टॉनिक दिले म्हणून तेही टाकीत मिसळायचे, असा खर्च वाढत जातो. आर्थिक नुकसान पातळी मोजण्याचा विचार मागे पडतो. अशा रीतीने जो पैसा जूनमध्ये संरक्षण ठरला असता, तोच ऑगस्टमध्ये अपव्यय ठरतो.

२०२० चा खरीप या दृष्टीने बोलका आहे. त्या वर्षी माळव्यात सोयाबीनचे पीक पिवळा मोझॅक, खोडमाशी आणि मुळांच्या व खोडाच्या रोगांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मोठ्या प्रमाणावर पिवळे पडून वाळले. त्याच सप्टेंबरमध्ये राज्यातील सुमारे २२ लाख शेतकऱ्यांच्या खात्यांत पीक विम्याचे साडेचार हजार कोटींहून अधिक रुपये जमा झाले. मात्र ती भरपाई होती २०१९ च्या खरिपाची. नुकसान एका वर्षीचे आणि भरपाई पुढच्या वर्षीची, हे चित्र मराठी शेतकऱ्यालाही अनोळखी नाही. उशिरा मिळालेल्या भरपाईने कर्ज फिटू शकते. वाळलेले पीक परत येत नाही.

कसणारा कोण आणि खातेदार कोण?

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. किसान सन्मान निधीचा आधार जमिनीची नोंद हा आहे. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याच्या नावे लागवडीयोग्य जमीन होती तो पात्र. त्यानंतरच्या फेरफारांत वारसाहक्काचाच काय तो अपवाद. प्राप्तिकर भरणारे, संस्थात्मक जमीनधारक आणि अन्य काही वर्ग वगळले गेले. प्रारंभी दोन हेक्टरची मर्यादा होती, ती २०१९ मध्येच उठविण्यात आली. मध्य प्रदेशची किसान कल्याण योजना आणि महाराष्ट्राची नमो योजना या दोन्हींनी लाभार्थ्यांची हीच यादी पुढे चालविली. त्यामुळे मूळ यादीत जो नव्हता, तो राज्याच्या यादीतही आला नाही.

या यादीत नाही तो बटाईदार. जबलपूर परिसरात त्याला सिकमी म्हणतात. आपल्याकडे कोठे तो खंडाने, कोठे मक्त्याने, कोठे अर्धेलीने शेती करतो. बियाणे तो आणतो, फवारणी तो करतो, विषबाधेचा धोका तो पत्करतो आणि पीक गेले तर नुकसानीचा मोठा वाटा त्याच्याच पदरी पडतो. उदाहरणादाखल पाटण किंवा शहपुरा तालुक्यात दुसऱ्याच्या पाच एकरांत वाटाणा आणि गहू घेणारा बटाईदार घ्यावा. महामारीचा हप्ता जमीनमालकाच्या खात्यात गेला. मालक शहरात नोकरीला असला, पण प्राप्तिकर भरत नसला, तर नियमाने तोच पात्र. कसणाऱ्याला मिळाले ते मोफत धान्य आणि घरातील स्त्रीचे जनधन खाते असल्यास तीन महिने ५०० रुपये. शेतकरी म्हणून त्याला काहीही मिळाले नाही.

हीच गोष्ट घरातील स्त्रीची. निंदणी, खुरपणी, तोडणी आणि बियाण्याची राखण ती करते. सातबारावर किंवा खसऱ्यावर नाव पतीचे किंवा सासऱ्याचे असते. कुंडम तालुक्यातील गोंड कुटुंबांत कोदो-कुटकी पिकविणारे अनेक हात आहेत, परंतु वनहक्काचा पट्टा हाती असेल तरच त्या हातांना शेतकरी ही ओळख मिळते.

याच्या उलट बाजूकडेही पाहावे लागेल. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार ४२ लाखांहून अधिक अपात्र व्यक्तींना किसान सन्मान निधीचे सुमारे तीन हजार कोटी रुपये मिळाले होते आणि त्यांच्या वसुलीचे काम सुरू होते. म्हणजे जमिनीच्या नोंदीवर विसंबूनही चूक टळली नाही. कसणारा बाहेर राहिला आणि न कसणारा आत आला. चूक दोन्ही दिशांनी होत असेल, तर दोष केवळ तपासणीत नाही, निकषातच आहे.

अन्य वाटा

हा निकष अपरिहार्य नाही. ओडिशाने आपल्या कालिया योजनेत भूमिहीन शेतमजूर कुटुंबांचाही समावेश केला. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये पीक लागवडदार हक्क कायदा करून कसणाऱ्यास अकरा महिन्यांच्या कराराचे पत्र देण्याची सोय केली. त्यात मालकाच्या स्वामित्वाला धक्का लागत नाही. खुद्द मध्य प्रदेशात भूमिस्वामी आणि बटाईदार यांच्या हितरक्षणाचा कायदा २०१६ मध्येच झाला असून लेखी बटाई कराराला त्यामुळे आधार मिळाला आहे. गव्हाच्या शासकीय खरेदीसाठी बटाईदाराची नोंदणी तेथे होते. ज्याचा गहू शासन विकत घेते, त्याला शेतकरी मानून मदत देण्यास अडचण कोणती, हा प्रश्न मग सहज उभा राहतो.

सर्व पर्याय सारखे न्याय्य असतात असेही नाही. तेलंगणाने रयतु बंधू योजनेत एकरी रक्कम दिली; त्यात अधिक जमीनवाल्याला अधिक मिळाले. अमेरिकेने २०२० मध्ये करोना अन्न साहाय्य कार्यक्रमात शेतमालाच्या नुकसानीच्या प्रमाणात थेट मदत दिली आणि एका व्यक्तीसाठी अडीच लाख डॉलरची मर्यादा ठेवली. स्वाभाविकच मोठ्या शेतांकडे मोठ्या रकमा गेल्या. त्या तुलनेत भारताची प्रति कुटुंब समान रक्कम लहान शेतकऱ्याच्या बाजूची आहे. एक एकरवाल्याला २,००० रुपये म्हणजे एकरी २,०००. पाच एकरवाल्याला एकरी ४००. हे तत्त्व टिकविण्यासारखेच आहे. फक्त त्या कुटुंबांत कसणाऱ्याचे कुटुंब असले पाहिजे.

महाराष्ट्रातील जमीनमालकाच्या मनात एक भीती असते आणि तिला इतिहासाचा आधार आहे. कसेल त्याची जमीन या तत्त्वावरील कूळ कायद्यांनंतर बटाईचा कागद करण्यास मालक धजावत नाही. कागद नाही म्हणून बटाईदाराला कर्ज नाही, विम्यात अडचण आणि मदतीत नाव नाही. म्हणूनच हंगामापुरते, जमिनीवर कोणताही हक्क निर्माण न करणारे लागवड प्रमाणपत्र हा मधला मार्ग आहे. मालकाला संरक्षण देणारे कलम स्पष्ट शब्दांत असेल तर तो सही करील. केवळ सद्भावनेवर विसंबून कोणी सही करणार नाही, हे वास्तव धोरणकर्त्यांनी मान्य केले पाहिजे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, खरिपाच्या हप्त्याची तारीख निश्चित असावी. ३१ मे पूर्वी ही रक्कम खात्यात पडली तर मध्य भारतातील सोयाबीन, तूर, कापूस आणि भात या सर्व पिकांच्या पेरणीला ती उपयोगी पडेल. रब्बीसाठी ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा योग्य ठरेल. जबलपूरच्या वाटाण्याची आणि विदर्भाच्या हरभऱ्याची तयारी तेव्हाच सुरू होते. यासाठी तिजोरीतून एक रुपयाही जादा लागत नाही. समारंभाच्या सोयीने तारीख ठरविण्याची प्रथा तेवढी सोडावी लागेल. टाळेबंदीच्या धामधुमीत जे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साधले, ते सुरळीत वर्षांत साधू नये याला समर्थनीय कारण दिसत नाही.

दुसरी गोष्ट, पीक नोंदणीत कसणाऱ्याचा रकाना असावा. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि आता शेतकरी ओळख क्रमांकाचे काम चालू आहे. या दोन्ही नोंदी सातबाराला बांधलेल्या आहेत. शेतात कोणते पीक आहे हे आपण टिपतो, ते कोण पिकवतो हे टिपत नाही. मध्य प्रदेशातील गिरदावरीलाही हीच मर्यादा आहे. या टप्प्यावर हा रकाना जोडला गेला नाही, तर पुढील अनेक वर्षे बटाईदार संगणकाच्या दृष्टीने अस्तित्वातच राहणार नाही.

तिसरी गोष्ट विस्तार यंत्रणेच्या स्वतःच्या अधिकारातील आहे. पैसे खात्यात जमा झाल्याचा संदेश भ्रमणध्वनीवर येतो. त्याच दिवशी त्या गावासाठी, त्या पिकासाठी, त्या आठवड्याचा सल्ला का जाऊ नये? मे महिन्यात बीजप्रक्रियेचा आणि उगवण चाचणीचा, जुलैत पिवळ्या चिकट सापळ्यांचा आणि चक्रीभुंग्याच्या निरीक्षणाचा, ऑक्टोबरमध्ये हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी कामगंध सापळे आणि पक्षिथांब्यांचा. रक्कम लहान आहे. सल्ल्याची जोड मिळाली तर ती योग्य वस्तूवर खर्च होण्याची शक्यता वाढते. कृषी विज्ञान केंद्रांकडे हे ज्ञान आहे, कृषी विभागाकडे गावपातळीवरचा माणूस आहे आणि बँकेकडे तारीख आहे. या तिघांची गाठ मात्र कोठेही घातलेली नाही.

चौथी गोष्ट प्रगतिशील शेतकऱ्यांसाठी आहे. ज्यांची जमीन बटाईने दिली आहे त्यांनी आपला हप्ता, निदान त्यातून आणलेले बियाणे आणि बीजप्रक्रियेचे औषध, बटाईदारासोबत वाटून घेण्याचा रिवाज सुरू करावा. कायदा बदलेपर्यंत थांबण्याची गरज नाही. निरोगी पीक हे मालक आणि बटाईदार दोघांच्याही वाट्याचे असते; निम्म्या वाट्याचा मालक निम्म्या नुकसानीचाही धनी असतो.

मदत म्हणजे उपकार नव्हे आणि ती निवडणुकीपुरती कृतज्ञताही नव्हे. अन्न पिकविणाऱ्याला पुढच्या हंगामापर्यंत उभे ठेवण्यासाठी समाजाने केलेली ती तरतूद आहे. महामारीच्या काळात देशात धान्य कमी पडले नाही. २०२० च्या रब्बीत एकट्या मध्य प्रदेशाने सुमारे १२९ लाख टन गहू शासकीय खरेदीत दिला आणि पंजाबलाही मागे टाकले. तो गहू टाळेबंदीत, मजुरांच्या टंचाईत आणि आजाराच्या भीतीत कापला गेला होता. तो कापणाऱ्यांपैकी किती जणांची नावे मदतीच्या यादीत होती, याचा शोध प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने आपल्या गावापुरता तरी घ्यावा. येत्या खरिपापूर्वी गावातील बटाईदारांची एक साधी यादी वहीत उतरविली, कोणाकडे कोणते पीक आणि किती एकर एवढेच लिहिले, तरी सुरुवात होईल. पुढच्या संकटात यादी मागितली जाईल, तेव्हा ती तयार असली पाहिजे.